शेगडीपाशी परत

बाळीवेस, सोलापूर
२४ जून २०२४

अक्का, शरणार्थ.

फोन केला की काव्या उचलते आणि "आई झोपलीय, काकू" म्हणते. भर सकाळी अक्का झोपलेल्या असतात यावर माझा विश्वास बसावा असं तिला का वाटतं कोण जाणे. सतरा वर्षं तुमची धाकटी जाऊ म्हणून एका घरात काढलीत मी. तुम्ही माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, एवढं मला कळतं. पण पत्र आलं तर तुम्ही ते फाडणार नाही, हेही कळतं. म्हणून लिहिते.

इकडे सगळं ठीक आहे. हात बरा झाला. मानेवरची कातडी अजून ओढल्यासारखी वाटते, पण पदर घेतला की कुणाला दिसत नाही. आपलं भाकरीचं शेड झाडून-पुसून ठेवलंय, तवे तेल लावून कागदात गुंडाळलेत. घरातलं रोजचं सुरळीत आहे. तुमचे दीर जेवतात-खातात, वजनही वाढलंय त्यांचं.

एक बातमी. जळीत वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला काउन्सेलिंगला जायला सांगितलंय. सात रस्त्याजवळ एक धर्मादाय दवाखाना आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर एक बाई बसतात. मी आधी नको म्हणाले. मग विचार केला, ड्रेसिंगला जात होतेच की. चार-पाच वेळा जाऊन येते, डोक्यातली भीती काढून टाकते, श्रावण लागला की शेड सुरू. शेडमधल्या तानाबाईला आणि सुगराबीला तसं सांगूनही ठेवलंय. दोघी खूश आहेत.

मे महिन्यातल्या त्या दुपारबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्हीही मनात आणू नका.

काव्याच्या लेकराला पापा.

तुमची,
महेश्वरी

२० जुलै २०२४

अक्का, शरणार्थ.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. घरातलं सुरळीत नाही. गॅसची शेगडी आम्ही माळ्यावर टाकलीय. विजेची आणलीय, जिच्यात जाळ दिसत नाही, आणि तिच्यावरही बहुतेक वेळा तुमचे दीरच भात लावतात. शेजारी फोडणी चरचरली तरी मी खोलीतून बाहेर जाते. वजन वाढलं ते मेसच्या डब्यामुळं. सोलापुरात सगळ्यात चांगली कडक भाकरी करणाऱ्या दोन बायका ज्या घरात होत्या, त्या घरात मेसचा डबा येतो.

त्या काउन्सेलर बाईंचं नाव अर्शी शेख. वयानं लहान आहेत, तिशीच्या असतील. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, किती वेळा यावं लागंल?"

त्या म्हणाल्या, "आत्ता सांगितलं तर ते खोटं होईल. आधी आपली ओळख होऊ दे. काही आठवड्यांनी दोघी मिळून बघू, काय बदललंय आणि काय नाही."

मला राग आला. डॉक्टर माणसाला एवढं सांगता येऊ नये? मग म्हणाल्या, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, सांगवेल तेवढंच.

मी सांगितलं. फेब्रुवारीतली लग्नाची ऑर्डर, पहाटेपासून तवे चालू होते. मधली शेगडी विझली म्हणून मी काडी ओढली. गॅसची नळी उंदरानं कुरतडली होती ते आम्हाला ठाऊक नव्हतं. भप् असा आवाज झाला आणि माझा पदर, हात, मान. पुढचं मला फक्त वासानं आठवतं. तुम्ही पिठाचं ओलं पोतं माझ्यावर टाकलंत आणि अंबाड्याला धरून मला दाराबाहेर ओढलंत. नाहीतर मी हे पत्र लिहायला नसते.

मॅडमनी विचारलं, "त्यांना भाजलं का?"

मी म्हणाले, "न्हाई, अक्कांना काही झालं न्हाई." बोलले आणि थांबले. अक्का, तुम्ही दवाखान्यात महिनाभर माझ्या उशाशी होतात आणि हात सदा पदराखाली. मी ते कधी बघितलेच नाहीत.

घरी आले तर मला आधीपेक्षा जास्त त्रास झाला. दोन दिवस जेवण गेलं नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला कधी कधी वाढल्यासारखं वाटतं. मी मनात म्हटलं, हे कसलं औषध, जे घेतलं की दुखणं वाढतं. तरी पुढच्या मंगळवारी गेले. का गेले ते नाही सांगता येत. बहुतेक त्यांनी मला एकदाही "घाबरू नका" म्हटलं नाही म्हणून.

महेश्वरी

५ सप्टेंबर २०२४

अक्का, शरणार्थ.

श्रावण संपला. शेडचं कुलूप तसंच आहे.

काव्या म्हणाली, तुम्ही पत्रं वाचता आणि गादीखाली ठेवता. मला एवढं पुष्कळ आहे.

आता मे महिन्याबद्दल लिहिते, कारण मॅडमपाशी बोलले आणि बोलल्यावर ते आधीइतकं मोठं राहिलं नाही. तुम्ही मला शेडमध्ये नेलंत, दार आतून लावलंत, शेगडी पेटवलीत आणि माझ्या खांद्यावर हात दाबून म्हणालात, "बस. एकदा बसलीस की जातीय बघ भीती." मला उलटी झाली. उठायला गेले तर डोळ्यांपुढं अंधार आला, आणि पडताना परात डोक्याला लागली. तुमच्या दिरांनी दार फोडलं आणि तुम्हाला म्हणाले, "वैनी, तिला आगीनं सोडलं, आता तुमी मारून टाकता काय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही काव्याकडं जायला कलबुर्गीच्या गाडीत बसलात.

मॅडम म्हणाल्या, "त्यांना तुम्ही लवकर बऱ्या व्हायला हव्या होत्या."

मी म्हणाले, "मलाबी तेच हवंय की."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग ते आपण तिघींनी ठरवून चालणार नाही. तुमच्या अंगाला विचारून चालावं लागेल."

त्या दिवसापासून मी काय करायचं ते मीच निवडते, त्या फक्त विचारतात, हे जास्त तर नाही ना. पहिलं मी काय निवडलं असेल? काड्यापेटी. नुसती मुठीत धरून बसायची. अक्का, मी बेचाळीस वर्षांची बाई, दवाखान्याच्या खुर्चीत काड्यापेटी धरून बसले आणि मला घाम फुटला. लाज वाटली. आठवडाभर रोज घरी धरली, मग लाज गेली आणि घामही कमी झाला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवापुढची समई मी लावली. तुमचे दीर मागं बादली भरून उभे होते. समई लागली, जळत राहिली, मी देवघरातून पळाले नाही. त्यांनी बादलीतलं पाणी तुळशीला घातलं आणि कामावर गेले. जाताना शिट्टी वाजवत होते.

एवढ्या महिन्यांत एक समई. गल्लीत सगळे विचारतात, अजून किती दिवस? तुमच्या मावसबहिणीनं तर एक अंगारेवाला सांगितलाय, म्हणे एका बैठकीत मोकळं करतो. माझा मोह झाला, खोटं कशाला बोलू.

विजापूर वेशीच्या बाजूला एका बाईंनी भाकरीचं मोठं काम काढलंय. त्यांनी तानाबाईला आणि सुगराबीला बोलावलं. मीच म्हणाले, जावा. तानाबाई रडली. सुगराबी म्हणाली, "जाते, पण पाहुणी म्हणून जाते. घर माझं हेच हाय." मी तिला श्रावणाचा शब्द दिला होता. आता कुठलाच शब्द दिला नाही.

महेश्वरी

२८ ऑक्टोबर २०२४

अक्का,

आज शरणार्थसुद्धा नीट लिहवत नाही. पण लपवलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून खोटं होईल.

दसऱ्याची एक ऑर्डर आली. नेहमीच्या गिऱ्हाइकानं फार गळ घातली. समई लागत होती, उदबत्ती लागत होती, शेजारच्या गिरिजाबाईंच्या दारात उभं राहून मी त्यांच्या गॅसवरचा जाळ बघू शकत होते. मला वाटलं, आता काय राहिलं? मॅडमना विचारलं तर त्या थांबा म्हणतील, म्हणून विचारलंच नाही. तुमच्या दिरांनाही सांगितलं नाही. एकटीच शेडमध्ये गेले, एक शेगडी पुढं ओढली, नळी जोडली आणि पेटवली.

पेटली. आणि मी पळाले. पीठ मळलेली परात पायानं उडाली, चप्पल आत राहिली, पदर दाराच्या कडीत फाटला. रस्त्यावर येऊन रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर बसले. एका रिक्षावाल्यानं आत जाऊन गॅस बंद केला. महबूबभाई नाव त्यांचं. त्यांनी माझी चप्पल आणून पायापाशी ठेवली आणि तोंड दुसरीकडं करून उभे राहिले, म्हणजे मला रडता यावं. ऑर्डर गेली.

मग मी दवाखान्यात जाणं सोडलं. घरी सांगितलं, झालं माझं, मॅडमनी आता नको म्हटलंय. दोन मंगळवार मी त्या वेळेला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून काढले. समईही लावली नाही. जे मिळवलं ते सगळं वाहून गेलं, असंच वाटत होतं.

मॅडमचा एकदा फोन आला. म्हणाल्या, "यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण थांबायचं असेल तर एकदा येऊन थांबू या." मी भांडायलाच गेले. म्हणाले, "एवढे महिने येतेय. काय मिळालं? होते तितंच हाय मी."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला हे फार हळू वाटत होतं, ते मला आधी बोलला नाहीत."

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं तर वाटू दे. 'हळू चाललंय' हेसुद्धा इथंच बोलायचं असतं. मग आपण बघितलं असतं, वेग कुठं वाढवता येतो आणि कुठं नाही." मग टेबलावर मेणबत्ती आणि काड्यापेटी ठेवली. "तुम्ही म्हणता, होता तिथंच आहात. मला खरंच माहीत नाही. बघायचं?"

मी काडी ओढली. मेणबत्ती लावली. खुर्चीतून उठले नाही. जुलैत मी ती पेटी बघून भिंतीकडं तोंड केलं होतं. आम्ही दोघी त्या मेणबत्तीकडं बघत बसलो. मग मला हसू आलं, अक्का. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

मागं आलेय, पण पार मागं नाही. एवढं कळायला मला रस्त्यावर अनवाणी बसावं लागलं.

महेश्वरी

८ नोव्हेंबर २०२४

अक्का, शरणार्थ.

आधी माझं सांगते. लक्ष्मीपूजनाला माळ्यावरची शेगडी उतरवून मी गॅसवर चहा केला. मॅडमबरोबर बोलून, ठरवून, घरात माणसं असताना. जाळ बारीक, खिडकी उघडी, आणि मला वाटलं तर विझवायची मोकळीक. विझवावं लागलं नाही. चहात साखर घालायची राहिली आणि तुमचे दीर तो तसाच दोन कप प्याले. म्हणाले, "लई गोड झालाय."

आता तुमचं. काव्यानं मला फोन केला. तिच्यावर रागावू नका, ती रडत होती. तिनं सांगितलं की तुम्ही गेल्यापासून एकदाही चुलीपाशी गेला नाहीत. ती गॅस पेटवते तेव्हा तुम्ही नातवाला उचलून गच्चीवर जाता. झोपेत "पोतं कुठंय" म्हणून ओरडता. आणि तुमच्या दोन्ही तळव्यांवरची कातडी चकाकते, मूठ पुरती मिटत नाही.

अक्का, जळता पदर तुम्ही हातानं विझवला होतात. पोतं त्यानंतर टाकलं.

आणि मे महिन्यात तुम्ही ती शेगडी कशी पेटवलीत? मी त्या दुपारचं सगळं आठवून बघितलं. तुम्ही माझ्या मागं उभ्या होतात. माझ्या खांद्यावरचा हात दाबत होता असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तो धरून उभा होता. मी बसले असते, माझी भीती गेली असती, तर तुमचीही जाईल असं तुम्हाला वाटलं असणार.

तुमच्या दिरांना हे सांगितलं. ते हातातली चावी फिरवायला लागले. मग म्हणाले, "मी काय बोललो वैनीला त्या दिवशी."

मी तुम्हाला "घाबरू नका" म्हणणार नाही. कलबुर्गीतल्या मोठ्या दवाखान्यात अशी माणसं असतात, मॅडमनी चौकशी करून दोन नावं दिलीत. तुमच्या माहेरच्या कानडीत बोलणारी आहेत, म्हणजे तुम्हाला मनातल्यासाठी शब्द शोधावे लागणार नाहीत. जाणं न जाणं तुमच्यावर. गेलात तर पहिल्या दिवशी किती वेळा यावं लागेल ते विचारालच, मीही विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही तर उठून येऊ नका. सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी जड वाटलं तर ते तिथंच सांगा. आणि त्या बाईंचा राग आला तर तोही सांगा. माझा अर्धा पावसाळा राग लपवण्यात गेला.

महेश्वरी

२२ डिसेंबर २०२४

अक्का, शरणार्थ.

तुमचा आवाज ऐकला. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "पत्र आलं. बरी हायस न्हवं?" आणि मी, जी पानंच्या पानं लिहिते, मला पुढं बोलताच आलं नाही.

शेड उघडायचं ठरतंय. भोगीच्या दिवशी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत खानावळ लावणाऱ्या एकानं बाजरीच्या आणि ज्वारीच्या कडक भाकरी मागितल्यात. मी लगेच हो म्हटलं नाही. मॅडमकडं गेले, दोघींनी मिळून विचार केला. ऑर्डर निम्मी घेतली. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण घेतली निम्मीच. सिलिंडर आता शेडच्या बाहेर आहे, पाइप लोखंडी, आणि बंद करायचा कॉक दाराशीच, माझ्या हाताच्या अंतरावर. आठवडाभर मी रोज जाऊन एक शेगडी पेटवते आणि विझवते. एखाद्या दिवशी नाही जमत. त्या दिवशी तवे पुसून परत येते.

मॅडम म्हणाल्या, आता दर आठवड्याला यायची गरज नाही, पंधरा दिवसांनी या. मला वाटायचं असं त्या म्हणतील तेव्हा मी पेढे वाटेन. झालं उलटंच, मला जरा भीती वाटली. ते सांगितलं तर म्हणाल्या, "मग तेही बघू."

तुमचे दीर तुम्हाला आणायला येतायत. भोगीच्या आधीच्या शनिवारच्या गाडीनं. काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलंय, ऐन वेळी विसरतील. तुम्ही यायचं म्हणजे शेडमध्ये यायचं असं नाही. बाहेर खुर्ची आहे, ऊन चांगलं येतं. तेही नको वाटलं तर घरी बसा, मी डबा आणते. घरातला.

महेश्वरी

२१ जानेवारी २०२५

अक्का, शरणार्थ.

तुम्ही पोहोचलात, काव्याचा फोन आला. चार दिवस घर भरलेलं होतं, आता तुमची खाट बघून कसंतरी होतं.

भोगीच्या दिवशी तुम्ही शेडच्या बाहेर, दाराकडं पाठ करून बसला होतात. परात मांडीपाशी घेऊन भाकरी थापत होतात. सुगराबी थापलेल्या भाकरी आत आणत होती. आत काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत आणि माणसांच्या गर्दीत मला सांगता आलं नाही. आता सांगते.

पहिली काडी विझली. दुसरीही. तानाबाई म्हणाली, "आणा हिकडं, मी लावते की." मी म्हणाले, "न्हाई, थांब." तिसरी धरली. शेगडी लागली आणि तोच आवाज आला, भप्. मानेवर जाळ आल्यासारखं झालं. तिथं हात लावला तर मान गार होती. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. दोघी माझ्याकडं बघत होत्या. मग तानाबाईनं तवा उचलून माझ्या हातात दिला, रोज द्यायची तसा.

पहिली भाकरी मोडली. दुसरी करपली. तिसरी बरी होती, आणि चौथी फुगली, अक्का. इतके महिने गेले होते, तरी पाणी फिरवायचं, उलटायची, फडक्यानं कडेकडेनं दाबत वाळवायची, हे सगळं बोटांत तसंच होतं. दुसरी शेगडी मी लावली. तिसरी सुगराबीला लावायला सांगितली, कारण मला तेवढं पुरे वाटलं. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

मध्येच दार उघडं राहिलं, वारा आला आणि जाळ एकदम तव्याच्या वर आला. मी उलथनं टाकलं आणि दाराशी आले. तुम्ही मागं न बघता विचारलंत, "काय झालं गं?"

"काही न्हाई. श्वास घेते."

"घे की," म्हणालात आणि पुढची भाकरी थापायला लागलात.

अक्का, मला वाटलं होतं की भीती गेली की मी आत जाईन. ती गेली नव्हती. आणि मी आत गेले. उलथनं उचललं, जाळ बारीक केला, तव्यावरची भाकरी उलटली. ती नीट होती, नुसती एका कडेला काळी. दुपारच्या आत ऑर्डर पुरी झाली. टेम्पो भरला. तुमचे दीर भाकरीच्या थप्प्या अशा उचलत होते जशी काय तान्ही लेकरं. सुगराबीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, पाहुणचार संपला माझा." विजापूर वेशीच्या बाईंना तिनं आदल्या दिवशीच येत नाही म्हणून कळवलं होतं, मला न सांगता. मला जमलंच नसतं तर काय केलं असतंस, मी विचारलं. म्हणाली, "मग अजून थांबले असते."

सगळं आवरल्यावर तुम्ही उठलात आणि म्हणालात, "एक शेगडी ठेव चालू. मी बसते आता." तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मी तुमचे हात धरले, त्या तळव्यांना पहिल्यांदा हात लावला आणि म्हणाले, "आज नको." तुम्ही चिडलात. म्हणालात, "तू बसलीस, मी का न्हाई?" मी कॉक बंद केला. तुम्ही घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत, आणि जेवताना मात्र माझ्या ताटात आपलं लोणी वाढलंत.

दुसऱ्या दिवशी तुमच्या दिरांनी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही "गप रे गुरू, चहा घे" म्हणालात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही पाठ फिरवलीत, म्हणून तेही सांगते.

महेश्वरी

१६ फेब्रुवारी २०२५

अक्का, शरणार्थ.

तुमचं कार्ड आलं. तुमच्या हातचं अक्षर मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. लिहिलंय काय, तर "तीन डाव जाऊन आले. बाई नुसती इचारते. काय सुदीक फरक न्हाय. पैल्यापेक्षा जास्त रडू येतंय." मी ते वाचून इतकी हसले की तानाबाई धावत आली.

चिडू नका. मला हसू आलं कारण हे वाक्य मी मॅडमना तोंडावर ऐकवलंय. काव्या म्हणते की परवा ती चहा करत होती तेव्हा तुम्ही गच्चीवर गेला नाहीत, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात आणि दूध उतू जातंय म्हणून ओरडलात. हे त्या बाईंना सांगितलंत का? सांगा. तुम्हाला ते मोजण्यासारखं वाटणार नाही, म्हणूनच सांगा. आणि रडू येतंय तेही सांगा. पुढच्या वेळी जा. मग त्याच्या पुढच्या वेळचं बघू.

मी आता महिन्यातून एकदा जाते. मध्ये एक वाईट आठवडा गेला, कुठंतरी फटाके उडाले आणि मी दोन दिवस शेडमध्ये गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. बायकांनी काम चालू ठेवलं होतं. आता आम्ही सहा जणी आहोत, लग्नसराई डोक्यावर आहे, आणि मी अजूनही येईल त्यातलं पेलेल तेवढंच घेते.

आज सकाळची गोष्ट सांगून थांबते. तानाबाई तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. मी ऐकत होते, मध्ये मध्ये माझंही चाललं होतं, आणि पीठ मळून होईस्तोवर दोघी हसून दमलो. मग मी तवा ठेवायला वळले तर शेगडी चालू. मी म्हणाले, "कुणी लावली गं?"

तानाबाई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुमीच की. बोलता बोलता लावली."

तुमची,
महेश्वरी